नाणेटंचाईची गोष्ट आणि माझा खोडलेला परिच्छेद

१९७८ साली जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा गेम बनवला. आत इंटेल ८०८० हा आठ-बिट प्रोसेसर, पडद्यावर ११-११ च्या ५ रांगा, म्हणजे ५५ शत्रू. एका फ्रेममध्ये एकच शत्रू हलायचा. त्यामुळे शत्रू मरत गेले की उरलेल्यांची पाळी लवकर यायची आणि ते आपोआप वेगात सरकायचे. निशिकादोंनी हे तसंच ठेवलं. खेळताना होणारी धडधड त्यातूनच आली.

या गेमची एक गोष्ट सगळीकडे सापडते: लोक इतके खेळले की जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला आणि टांकसाळीला जादा नाणी पाडावी लागली. मीही प्रबंधाच्या मसुद्यात ती ठोकून दिली होती, चार संदर्भांसह. मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: “टांकसाळीचे आकडे बघितलेस?”

बघितले. १९७८ आणि १९७९ मध्ये ही नाणी १९७७ पेक्षा कमीच पाडली गेली होती. शिवाय मशीनमधली नाणी बँकेतून पुन्हा चलनात येतातच की! माझे चारही संदर्भ एकमेकांकडेच बोट दाखवत होते. अख्खा परिच्छेद खोडला.

तुम्ही संशोधनाला लागाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा: चार पुस्तकांत आहे म्हणजे चार पुरावे झाले असं नाही. गेमच्या वेगाचं कारण कोडमध्ये तपासता येतं, नाण्यांचं टांकसाळीच्या आकड्यांत. गोष्ट जितकी मजेदार, तितका मूळ कागद आधी उघडा.