परदेशी नोकरी : करसवलतीचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा

मौदा : नागपूर-भंडारा महामार्गावरील मौदा हे गाव एनटीपीसीच्या २,३२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक विद्युत प्रकल्पामुळे अभियंते व तंत्रज्ञांना परिचित आहे. अशा परिसरातून युरोपात नोकरीसाठी जाणाऱ्या उमेदवाराच्या नियुक्तीपत्रात वार्षिक वेतनाचा आकडा ठळक असतो. त्यातून कर वजा जाता हाती किती उरणार, हे मात्र त्यावरून कळत नाही. बाहेरून येणाऱ्या कुशल व्यक्तींना अनेक देश काही वर्षांपुरती आयकरात खास सवलत देतात. परंतु ती आपोआप लागू होत नाही. उमेदवार आधी कोठे राहत होता, अर्ज केव्हा केला आणि भारत कोणत्या महिन्यात सोडला, यावर तिचा प्रत्यक्ष लाभ अवलंबून असतो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते परदेशी वेतनातून फेडण्याचा बेत असलेल्या कुटुंबांनी हे नियम आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

नेदरलँड्सची ३० टक्के सवलत

ॲम्स्टेलवीन, आइंडहोवन या शहरांत अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. नेदरलँड्समध्ये परदेशातून नियुक्त केलेल्या कर्मचाऱ्याच्या वेतनापैकी कमाल ३० टक्के रक्कम करमुक्त देण्याची मुभा मालकाला आहे. घरापासून दूर राहण्याचा जादा खर्च भरून निघावा, हा त्यामागील हेतू. सवलतीची मुदत २०१९ पूर्वी ८ वर्षे होती. ती आता ५ वर्षे आहे. १ जानेवारी २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्क्यांवर आणण्याची तरतूद कायद्यात करण्यात आली आहे. २०२४ पूर्वीपासून सवलत घेणाऱ्यांना मात्र उर्वरित मुदतीत ३० टक्क्यांचाच लाभ राहील.

वेतनाची अट

करमुक्त भाग वगळून उरणारे वेतन ठराविक मर्यादेपेक्षा अधिक असावे लागते. ही मर्यादा २०२५ साली ४६,६६० युरो होती. तीस वर्षांखालील व पदव्युत्तर पदवी असलेल्या उमेदवारांसाठी ती ३५,४६८ युरो होती. दरवर्षी जानेवारीत तिच्यात बदल होतो.

समजा, तिशी ओलांडलेल्या अभियंत्याला २०२५ साली ६०,००० युरो वेतन देऊ करण्यात आले. त्याचे ३० टक्के म्हणजे १८,००० युरो होतात. तेवढी रक्कम वगळल्यास ४२,००० युरोच उरतात व अट मोडते. त्यामुळे त्याला सुमारे १३,३४० युरोच करमुक्त मिळू शकतात. पूर्ण ३० टक्क्यांच्या लाभासाठी वेतन सुमारे ६६,६५७ युरो असावे लागते. केवळ बी.ई. पदवी असलेल्या तरुणास कमी मर्यादेचा फायदा मिळत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दीडशे किलोमीटरचा नियम

नोकरी सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांपैकी १६ हून अधिक महिने उमेदवार डच सीमेपासून १५० किलोमीटरपेक्षा दूर राहत असला पाहिजे. मौद्याहून थेट रुजू होणाऱ्यास ही अडचण नाही. मात्र नेदरलँड्समध्येच दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन तेथे नोकरी धरणारा विद्यार्थी सर्वसाधारणपणे अपात्र ठरतो. जर्मनीतील आखेन शहर डच सीमेलगतच आहे. तेथे दोन वर्षे शिकून आइंडहोवनला रुजू होणाऱ्यावरही हीच वेळ येते. पीएच.डी. धारकांसाठी काही अपवाद आहेत. विद्यापीठ निवडतानाच ही अट माहीत असल्यास पुढील नुकसान टळू शकते.

अन्य देशांतील तरतुदी

स्पेनमध्ये ६ लाख युरोपर्यंतच्या वेतनावर २४ टक्के या एकाच दराने कर आकारला जातो. आगमनाचे वर्ष व पुढील ५ वर्षे ही सवलत राहते. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम यांच्या नावाने हा कायदा ओळखला जातो. तथापि, २०१५ पासून व्यावसायिक खेळाडूंना तो लागू नाही. डेन्मार्कमध्ये पात्र व्यक्तींना श्रमबाजार अंशदान धरून ३२.८४ टक्के कर ७ वर्षांपर्यंत भरता येतो. स्वीडनमध्ये वेतनाचा २५ टक्के भाग करमुक्त असतो व २०२४ पासून त्याची मुदत ५ ऐवजी ७ वर्षे करण्यात आली आहे. संयुक्त अरब अमिरातीत वेतनावर वैयक्तिक आयकरच नाही.

भारतातील बाजू

परदेशातील सवलत भारतीय आयकर खात्यावर बंधनकारक नसते. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला असेल, तर तो अनिवासी ठरतो व परदेशात मिळवलेल्या त्याच्या वेतनावर येथे कर लागत नाही. हा नियम १९६१ च्या कायद्याप्रमाणेच २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे.

एप्रिलपासून भारतातच असलेला उमेदवार सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यापूर्वी निघाला, तर तो या मर्यादेत राहतो. डिसेंबरात निघणारा मात्र त्या वर्षापुरता सामान्यतः निवासी गणला जातो. त्याचे परदेशातील वेतनही भारतात करपात्र ठरू शकते. दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार परदेशात प्रत्यक्ष भरलेल्या कराचीच वजावट मिळते. जो भाग तेथे करमुक्त होता, त्यावर तेथे कर भरलेलाच नसल्याने वजावटीचा प्रश्न येत नाही. परिणामी, एका देशात वाचलेला कर दुसऱ्या देशात भरण्याची पाळी येते.

अनेक वर्षांनी परतणाऱ्यांना कायद्यात काहीसा दिलासा आहे. मागील १० पैकी ९ वर्षे अनिवासी असलेली किंवा मागील ७ वर्षांत ७२९ दिवसांपेक्षा अधिक भारतात न राहिलेली व्यक्ती 'निवासी परंतु सामान्यतः निवासी नव्हे' या वर्गात मोडते. त्या काळात तिच्या परदेशातील बहुतेक उत्पन्नावर भारतात कर लागत नाही.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

* सवलतीसाठी मालक अर्ज करणार असल्याचा स्पष्ट उल्लेख करारपत्रात असावा. नेदरलँड्समध्ये हा अर्ज दोघांनी मिळून करावयाचा असतो.
* मुदत पाळावी. नेदरलँड्समध्ये रुजू झाल्यापासून ४ महिन्यांत अर्ज केल्यास पहिल्या दिवसापासून लाभ मिळतो. स्पेनमध्ये ६, तर स्वीडनमध्ये ३ महिन्यांची मुदत आहे.
* मागील दोन वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे व पारपत्रावरील शिक्क्यांच्या प्रती जपून ठेवाव्यात.
* भारतीय कंपनी प्रतिनियुक्तीवर पाठवत असल्यास भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून सामाजिक सुरक्षा करारान्वये मिळणारे प्रमाणपत्र घ्यावे. नेदरलँड्स, डेन्मार्क व स्वीडनशी भारताचे असे करार आहेत.
* कर्जाच्या हप्त्याचा हिशेब सवलत संपल्यानंतरच्या वेतनावर करावा. सवलत ५ वा ७ वर्षांत संपते. कर्जाची मुदत अनेकदा त्याहून मोठी असते.