चेसापीकच्या मुखाशी

काही लढायांत विजेत्याच्या हाती शत्रूचे एकही जहाज लागत नाही, तरी एका राष्ट्राचे भवितव्य ठरून जाते. ५ सप्टेंबर १७८१ रोजी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात चेसापीक उपसागराच्या मुखाशी झालेली लढाई अशीच होती.

व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस तळ देऊन होता. रसद, कुमक आणि प्रसंगी सुटकेचा मार्ग, या तिन्हींसाठी त्याची भिस्त समुद्रावर होती. वॉशिंग्टन व फ्रेंच सेनापती रोशाँबो खुष्कीने चालून येत होते. पण समुद्राचे दार लावण्याजोगे आरमार वॉशिंग्टनपाशी नव्हते. ते काम वेस्ट इंडीजहून आलेल्या फ्रेंच दर्यासारंग द ग्रासने केले.

त्या सकाळी ग्रेव्हजची १९ इंग्रज लढाऊ जहाजे दिसू लागली, तेव्हा अनेक फ्रेंच खलाशी किनाऱ्यावर गेलेले होते. नांगरांचे दोर तोडून २४ फ्रेंच जहाजे घाईघाईने, विस्कळीतपणे बाहेर पडली. वारा इंग्रजांना अनुकूल होता. परंतु तत्काळ घाला घालण्याऐवजी ग्रेव्हज शिस्तशीर रांग धरण्यात गुंतला. दुपारी चारच्या सुमारास तोफा सुरू झाल्या, तेव्हा त्याच्या जहाजावर ‘रांग राखा’ आणि ‘शत्रूला भिडा’ अशा परस्परविरोधी खुणा फडकत होत्या. पिछाडीचा हूड जवळजवळ लढाईबाहेरच राहिला. सूर्यास्ताला तोफा थंडावल्या.

पुढे काही दिवस दोन्ही आरमारे परस्परांवर नजर ठेवून होती. तेवढ्यात न्यूपोर्टहून निघालेला द बारास वेढ्याच्या तोफांसह उपसागरात शिरला. ग्रेव्हज न्यूयॉर्कला परतला आणि कॉर्नवॉलिसची कोंडी पूर्ण झाली. १९ ऑक्टोबर रोजी त्याच्या सात हजारांहून अधिक सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. त्याच दिवशी त्याच्यासाठी कुमक घेऊन इंग्रज आरमार न्यूयॉर्कहून निघाले होते! १७८३ च्या पॅरिसच्या तहाने इंग्लंडने अमेरिकेचे स्वातंत्र्य मान्य केले.

हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास आला आणि १७९२ मध्ये मराठे व निजाम यांच्या साहाय्याने त्याने टिपूचे अर्धे राज्य घेतले. समुद्राची वाट बंद झाली म्हणजे काय होते, हे तो अनुभवाने जाणत होता. येथे मात्र ती वाट इंग्रजांना मोकळीच होती. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली जळाले, तेव्हा इंग्रजांच्या साहाय्यास पेशव्यांचेच सैन्य उभे होते. अमेरिकेने मित्राचे आरमार आणून स्वातंत्र्य मिळविले. मराठी सत्तेने घरचे आरमार परक्याच्या हातून बुडविले.