फटफटीची नळी आणि परतीची लाट

मोटारसायकलला मराठीत ‘फटफटी’ हे नाव पडले ते तिच्या आवाजावरून. आवाज म्हणजे ताकद हे समीकरण जणू त्या नावातच दडलेले आहे. नववी-दहावीच्या मुलांना विचारून पाहा. सायलेन्सरची आतली जाळी काढली की गाडी जोरात पळते, असे त्यांतले बरेच जण खात्रीने सांगतील. हे खरे आहे का? त्याचे उत्तर शोधायला आपल्याला पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ नावाच्या एका लहान गावी, १९५०च्या दशकात जावे लागेल.

आधी एक अडचण समजून घेऊ. टू-स्ट्रोक इंजिन रचनेने अगदी साधे असते. त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि वरखाली होणारा दट्ट्याच त्या उघडतो व झाकतो. पण या साधेपणाची किंमत मोजावी लागते. पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत येत असते तेव्हा जळालेला वायू बाहेर जाण्याची खिडकीही उघडीच असते. त्यामुळे थोडे मिश्रण न जळताच बाहेर निघून जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी त्शोपाऊच्याच डी.के.डब्ल्यू. कारखान्याने शर्यतीच्या गाड्यांत जादा पंप बसवून मिश्रण दाबाने भरण्याचा मार्ग काढला होता. १९४६ साली शर्यतीच्या नियमांनी असा पंप वर्ज्य ठरवला आणि टू-स्ट्रोक इंजिन मागे पडले.

युद्धानंतर याच कारखान्यातून एम.झेड. कंपनी उभी राहिली. १९५३ साली तिच्या शर्यत विभागाची सूत्रे वाल्टर काडेन या अभियंत्याकडे आली. पैसा तुटपुंजा, साहित्य दुर्मीळ. मात्र काडेन यांच्याकडे एक उपकरण होते, ऑसिलोस्कोप. धुराच्या नळीत दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो हे त्यांनी या उपकरणाच्या पडद्यावर पाहिले. मध्ये फुगीर आणि टोकाकडे निमुळत्या नळीची कल्पना त्यांच्या आधीही काही जर्मन अभियंत्यांना सुचली होती. काडेन यांनी मोजमाप करून तिला नेमका आकार दिला.

ही नळी काय करते हे ध्वनीचे प्रकरण शिकवणाऱ्या शिक्षकाला चटकन उमगेल. धुराची खिडकी उघडताच संपीडनाची एक जोरदार लाट नळीतून धावू लागते. नळीचे टोक उघडे असेल तर संपीडन परावर्तित होऊन विरलनाच्या रूपात परत येते. टोक बंद असेल तर संपीडन हे संपीडन म्हणूनच परतते. रुंद होत जाणारा शंकू उघड्या टोकासारखे काम करतो, अरुंद होत जाणारा शंकू बंद टोकासारखे. म्हणून पहिल्या शंकूकडून आधी विरलन परतते. ते सिलिंडरमधला जळालेला वायू ओढून घेते आणि त्यापाठोपाठ थोडे ताजे मिश्रणही नळीत खेचते. मग दुसऱ्या शंकूकडून संपीडन परतते आणि खिडकी झाकली जाण्याच्या आत निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. जादा पंपाचे काम आता लाटच करू लागली.

मात्र लाट वेळेवर परतली पाहिजे. आपण ढोबळ हिशेब करू. मिनिटाला १०,८०० फेरे म्हणजे सेकंदाला १८० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ०.००५६ सेकंद लागतात. धुराची खिडकी साधारण अर्धा फेरा उघडी असते, म्हणजे ०.००२८ सेकंद. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर एवढ्या वेळात लाट १.४ मीटर अंतर कापेल. हे जाऊन-येऊन अंतर आहे. म्हणजे परावर्तनाची जागा खिडकीपासून सुमारे ७० सेंटिमीटरवर हवी. तेच इंजिन निम्म्या वेगाने फिरवले, तर लाट फारच लवकर परतते आणि ज्या वायूला बाहेर जायचे आहे त्यालाच अडवते. अशा नळीची गाडी ठरावीक वेगावर झेप घेते, एरवी मरगळलेली वाटते, ती यामुळेच.

या विद्येचे फळ मोठे होते. १९५८ साली स्वीडनच्या शर्यतीत होर्स्ट फ्युग्नर यांनी एम.झेड.ला पहिला ग्रां प्री विजय मिळवून दिला. १९६१पर्यंत १२५ घनसेंटिमीटरचे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले होते. हे प्रमाण लिटरमागे २०० अश्वशक्ती पडते. पंपाची मदत न घेता तोवर कोणत्याही इंजिनाने हे साधले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये एम.झेड.चे प्रमुख स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधूनच पश्चिमेकडे निघून गेले. वर्ष संपण्याच्या आत काडेन यांचे तंत्र जपानमध्ये सुझुकीच्या कारखान्यात पोचले होते. १९६२ साली डेग्नर यांनी ५० घनसेंटिमीटर गटात सुझुकीला पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले. काडेन मायदेशीच राहिले. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

जपानी गाड्यांबरोबर हे तंत्र जगभर पसरले. आपल्याकडे १९८३ साली आलेली राजदूत ३५० आणि १९८५ साली आलेली यामाहा आर.एक्स. १०० या त्याच परंपरेतल्या. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून गेल्या. परतीची लाट निसटलेले सगळेच मिश्रण काही परत आणू शकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडीपासून एक मीटरवर १०० डेसिबल आवाज आहे असे समजा. या पातळीला ध्वनीची तीव्रता चौरस मीटरला ०.०१ वॉट असते. अर्धगोलावर हिशेब केला, तर एकूण ध्वनिशक्ती भरते सुमारे ०.०६ वॉट. आर.एक्स. १००चे इंजिन ११ अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ८,००० वॉटचे. कानठळ्या बसवणारा हा आवाज इंजिनाच्या शक्तीचा लाखावा हिस्सादेखील नाही. तेव्हा आवाजावरून ताकद जोखण्यात अर्थ नाही. काडेन यांनी कामाला लावली ती परत येणारी लाट. आपल्या कानी पडते ती बाहेर निसटलेली.

टू-स्ट्रोकची नळी कापली की परावर्तनाची जागा बदलते, आणि नेहमीच्या वेगाला गाडीचा पिकअप उलट कमी होऊ शकतो. आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांतही नळीची लांबी, आतले कप्पे आणि इंधनाचे प्रमाण यांचा एकमेकांशी मेळ घातलेला असतो. आतला भाग काढून टाकला की आवाज नक्की वाढतो. शक्ती वाढेलच याची खात्री नाही. त्या आवाजाचा त्रास मात्र रुग्णाला, तान्ह्या मुलाला आणि परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला होतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

दंडाची भीती काही दिवस टिकते. वरचे दोन हिशेब मुलांनी स्वतः फळ्यावर केले, तर समज अधिक टिकेल असे आम्हांला वाटते. अनुनादाची नळी तर बहुतेक शाळांच्या प्रयोगशाळेत असतेच. ध्वनीचे प्रकरण या वर्षी तिथून सुरू करून पाहावे.