तीन आमदारांचा जिल्हा आणि प्रश्नोत्तरांचा तास

तुमसर, भंडारा आणि साकोली. महाराष्ट्राच्या 288 सदस्यांच्या विधानसभेत भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला एवढ्या तीनच जागा येतात. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला आणि जुना विस्तीर्ण जिल्हा विभागला गेला. पुढे मतदारसंघांच्या पुनर्रचनेत अड्याळ आणि लाखांदूर हे मतदारसंघही गेले. तीन मतांवर सहसा सरकार पडत नाही आणि तरतही नाही. अर्थसंकल्प असो वा विधेयक, भंडाऱ्याचे तिघेही आमदार पक्षभेद विसरून एकत्र आले तरी निकाल क्वचितच बदलेल. सभागृहात बहुमताशिवाय होणारे महत्त्वाचे काम एकच, ते म्हणजे मंत्र्याला प्रश्न विचारणे. एका सदस्याने सही करून दिलेला प्रश्न स्वीकारला गेला, की खात्याला त्याचे उत्तर द्यावे लागते, मग तो सदस्य मुंबईचा असो की मोहाडीचा. म्हणून लहान आणि दूरच्या जिल्ह्यासाठी प्रश्नोत्तरांचा तास हा विधिमंडळाच्या कामकाजातला सर्वांत मोलाचा भाग आहे असे माझे मत आहे. भंडाऱ्याच्या बाजूने या तासाचा इतिहास वाचला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हा अधिकार केवळ कायद्यात असून भागत नाही. उत्तर देणारा जबाबदार असावा लागतो, सभागृह नियमाने भरावे लागते आणि उत्तरावर पुन्हा विचारता यावे लागते. यातले एक जरी निखळले तरी प्रश्न कागदावरच राहतो.

हिंदुस्थानात हा अधिकार एका दिवसात आला नाही. 1861 च्या कायद्याने जी विधान मंडळे निघाली, त्यांना सरकारला प्रश्न करण्याची मुभा नव्हती. ती 1892 च्या कायद्याने मिळाली आणि 16 फेब्रुवारी 1893 रोजी केंद्रीय मंडळात भिनग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. तो कोणत्याही थोर धोरणाविषयी नव्हता. दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना छावणीत शिधासामग्री पुरवताना खेड्यापाड्यांतल्या दुकानदारांना जो जाच होतो, त्याबद्दल तो होता. या पहिल्या प्रश्नातच पुढच्या साऱ्या परंपरेचे रूप दिसते. गावातली अडचण, तिला कारण असलेला अंमलदार आणि जाब मागणारा सभासद, एवढे तिघे त्यात आहेत. पण तेव्हा उत्तरावर पुन्हा तोंड उघडता येत नसे. 1909 च्या कायद्याने मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्नाची सवलत दिली आणि 1919 नंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. मुंबई इलाख्यात टिळक आणि गोखले प्रांतिक कौन्सिलात बसून गेले होते, त्या काळात मध्य प्रांताला स्वतःचे कौन्सिलच नव्हते. नागपूरचे गंगाधरराव चिटणवीस यांच्यासारखे मोजके लोक केंद्रीय मंडळात प्रांताची बाजू मांडत. नागपूरचे कौन्सिल कामाला लागले ते 1914 मध्ये. मुंबईच्या सभासदाला जो हक्क मिळाला होता, त्यासाठी भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला आणखी वीसेक वर्षे थांबावे लागले.

1919 च्या सुधारणांनी मंत्री आले, पण निम्म्या कारभारापुरतेच. शिक्षण, शेती, आरोग्य अशी खाती मंत्र्यांकडे गेली आणि जमीन महसूल, पोलीस, पाटबंधारे ही खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखीव राहिली. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याला याचा फटका थेट बसणारा होता. कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेल्या तलावांवर इथली धानशेती उभी आहे, आणि पाण्याचा व साऱ्याचा प्रश्न ज्याला विचारायचा, त्याला सभागृह खुर्चीवरून हलवू शकत नव्हते. 1923 च्या निवडणुकीत मध्य प्रांतात स्वराज्य पक्षाला बहुमत मिळाले. 1924 मध्ये या बहुमताने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. द्विदल राज्यपद्धती पोकळ आहे हे त्यातून साऱ्या देशाला दिसले आणि राजकीयदृष्ट्या तो घाव वर्मी बसला. पण मंत्रीच उरले नाहीत, तेव्हा त्यांच्याकडची खातीही गव्हर्नरने हाती घेतली. ज्यांना जाब विचारता येत होता, ते जाब देणारेच काही काळ नाहीसे झाले. हा प्रसंग मी स्वराज्य पक्षाला दोष देण्यासाठी सांगत नाही, त्यांचे भांडण मोठे होते. बहुमताचे हत्यार आणि प्रश्नाचे हत्यार वेगवेगळे आहे, हे त्यातून कळते. पहिल्याने सरकार अडवता येते. चालत्या सरकारला हिशेब द्यायला लावायचे असेल तर दुसरे लागते. सारी प्रांतिक खाती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे येऊन हे दुसरे हत्यार पूर्ण धारदार झाले ते 1937 मध्ये.

त्यानंतर अंतराचा प्रश्न आला. 1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. भंडाऱ्याहून सुमारे 60 किलोमीटरवर मंत्री, सचिवालय आणि सभागृह होते. राज्य पुनर्रचनेत जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि राजधानी एका रात्रीच्या रेल्वे प्रवासापलीकडे गेली. हे होणार हे ओळखूनच 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात अट घातली गेली, की सरकारने ठरावीक काळ नागपूरला मुक्काम हलवावा आणि वर्षातून किमान एक अधिवेशन तिथे घ्यावे. हिवाळी अधिवेशनाला पुष्कळ लोक उपचार समजतात, हुरडा पार्टीची आणि मोर्च्यांची मोसमी जत्रा समजतात. कराराच्या दृष्टीने पाहिले तर ती पूर्व विदर्भाला दिलेली भरपाई आहे. शिवाय डिसेंबर हा भंडाऱ्यात धान घरात येण्याचा आणि आधारभूत खरेदी केंद्रांवर काटा लागण्याचा काळ. बारदाना नाही, चुकारे थकले, केंद्र उघडले नाही, या तक्रारी ताज्या असतानाच सभागृह जवळ आलेले असते. डिसेंबर 2022 च्या नागपूर अधिवेशनात धान उत्पादकांसाठी हेक्टरी 15 हजार रुपयांची आणि पुढच्या वर्षी त्याच मोसमात हेक्टरी 20 हजारांची घोषणा झाली, दोन्ही वेळा दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ही घोषणा धानपट्ट्याच्या उंबरठ्यावर, ऐन खरेदीच्या दिवसांत होते यामागे ठिकाण आणि वेळ या दोहोंचा हात आहे.

आता खुद्द प्रश्नाकडे पाहू. महाराष्ट्र विधानमंडळाच्या छापील यादीतला तारांकित प्रश्न ठरलेल्या साच्यात असतो. अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात होते. पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’ असे विचारलेले असते. मग ‘असल्यास’ने सुरू होणारे भाग येतात, चौकशी केली काय, तीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली. शेवटचा भाग जवळजवळ नेहमी तोच असतो: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ उत्तरांचाही साचा आहे. ‘होय, हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि त्याखाली ‘प्रश्न उद्भवत नाही’. वरवर पाहणाऱ्याला हे कोरडे कारकुनी वाटेल. पण हा कागद विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या विभागाकडे, तिथून जिल्हाधिकारी किंवा कार्यकारी अभियंत्याकडे आणि पुढे तहसीलपर्यंत उतरतो. उत्तर ठरलेल्या तारखेच्या आत वर जायचे असते, म्हणून महिनोन्महिने न हललेली फाइल कुणाला तरी उघडावी लागते. मंत्र्याला उपप्रश्नांसाठी टिपणी तयार करून द्यावी लागते, म्हणून अधिकाऱ्याला विचारलेल्यापेक्षा अधिक शोधावे लागते. शेवटच्या त्या ठरीव ओळीत तर साऱ्या प्रशासनाला टोचणी आहे. काम केले नसेल तर का केले नाही, हे सहीनिशी लिहून द्या, असे ती बजावते. उत्तर गुळमुळीत निघाले तरी त्याआधीची ही धावपळ झालेली असते.

या टोचणीची गरज भंडाऱ्याला किती आहे, हे गोसीखुर्दने दाखवले. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज 372 कोटी रुपयांचा आणि भिजायचे होते अडीच लाख हेक्टर. 2009 मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. 2012-13 च्या दरांनी त्याची किंमत 18 हजार कोटींच्या वर गेली, आणि कालव्यांच्या अस्तरीकरणाचा दर्जा, बुडित गावांचे पुनर्वसन, कंत्राटे या सगळ्यांवर वाद झाले. 2012 मध्ये राज्यभरच्या सिंचन कामांवरून वादळ उठले, उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, श्वेतपत्रिका निघाली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले. हे सारे एका प्रश्नाने घडले असे म्हणणे खोटे ठरेल. त्यात महालेखापरीक्षकांचे अहवाल होते, खात्यातल्याच अभियंत्याचे पत्र होते, वृत्तपत्रे आणि न्यायालये होती. पण वर्षानुवर्षांच्या उत्तरांत सरकारने दिलेल्या तारखा, हेक्टर आणि खर्च यांची नोंद झालेली असते, म्हणूनच नंतरच्या चौकशीला आधीचे विधान आणि आताचे विधान ताडून पाहता येते. दुसरे उदाहरण नाग नदीचे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयात येते. त्याची जबाबदारी नगरविकासाची, पर्यावरणाची, पाणीपुरवठ्याची की जलसंपदेची? कार्यालयाच्या दारात उभ्या नागरिकाला प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवू शकते. सभागृहात उत्तरासाठी एका मंत्र्याला उभे राहावेच लागते.

हा तास बंद असतो तेव्हा काय गमावले जाते, तेही भंडाऱ्याने पाहिले आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा बालके दगावली. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचा प्रस्ताव निधीअभावी अडकून पडला होता, हे आगीनंतर समोर आले. त्याआधीचे वर्ष करोनाचे होते. सप्टेंबर 2020 चे आणि डिसेंबर 2020 चे अधिवेशन प्रत्येकी दोन दिवसांत गुंडाळले गेले, डिसेंबरचे तर नागपूरला झालेच नाही, आणि अशा दोन दिवसांत प्रश्नोत्तरांना जागा कुठली? शिवाय साकोलीचे आमदार नाना पटोले तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. अध्यक्ष प्रश्न स्वीकारतात, स्वतः विचारत नाहीत, म्हणजे जिल्ह्याच्या तीन प्रश्नकर्त्यांपैकी दोघेच उरले. प्रश्न विचारला गेला असता तर बाळे वाचली असती, असा दावा मी करणार नाही. एवढेच म्हणेन, की पडून राहिलेला प्रस्ताव वेळेत वर येण्याची जी एक नेहमीची वाट असते, ती त्या वर्षी बंद होती. साथ हे कारण तरी खरे होते. डिसेंबर 2024 मध्ये तेही नव्हते. 15 डिसेंबरला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला, 16 ते 21 असे सहा दिवस अधिवेशन चालले, आणि खातेवाटप झाले ते 21 तारखेला, अधिवेशन संपता संपता. खातेच नसलेल्या मंत्र्याला धानाच्या चुकाऱ्याबद्दल काय विचारणार? प्रश्नोत्तरांचा तास संविधानात नावानिशी नाही, तो सभागृहाच्या नियमांत आहे. त्यामुळे तो सहज बाजूला ठेवता येतो, आणि ठेवल्यावर फारसा कुणी बोलतही नाही.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हा तास गोंधळात जातो, यादीतले मोजकेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात आणि उत्तरे टोलवाटोलवीची असतात. हे खरे आहे. पण टोलवलेले उत्तरही छापलेले विधान असते, त्यातले आश्वासन पाळले की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते, आणि खोटे उत्तर दिले तर हक्कभंगाची सूचना देता येते. दुसरा आक्षेप प्रश्न विकले जाण्याचा. 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल संसदेने अकरा सदस्यांना काढून टाकले, ही लाजिरवाणी गोष्ट होती. तरी ज्या वस्तूसाठी लोक लाच द्यायला तयार होतात ती निरुपयोगी असत नाही. त्याच संसदेत 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीबद्दल विचारलेल्या प्रश्नापासून धागा सुटला, फिरोज गांधींनी तो लावून धरला, मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली आणि 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. तिसरा आक्षेप आजचा आहे: माहितीचा अधिकार हाती असताना आमदाराच्या प्रश्नाची गरज काय? महाराष्ट्राने 2002 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये हा कायदा केला, आणि त्याने सामान्य माणसाला मोठे बळ दिले. मात्र त्या अर्जाने दप्तरातला कागद मिळतो. असे का केले आणि पुढे कधी करणार, हे मंत्र्याच्या तोंडून वदवून घेण्याची ताकद त्या अर्जात नाही. हे दोन मार्ग एकमेकांना पूरक आहेत. अर्जाने मिळालेला कागद आमदाराच्या हाती दिला, की त्याचा उपप्रश्न मंत्र्याला टाळता येत नाही.

तेव्हा भंडारेकरांनी दोन गोष्टींचा आग्रह धरायला हवा. नागपूरचे अधिवेशन पुरेसे दिवस चालावे आणि खातेवाटप झालेल्या मंत्र्यांसह चालावे, ही मागणी सर्व पक्षांनी लेखी करावी. नागपूर कराराचा आधार तिला आहे. दुसरी गोष्ट मतदारांच्या हातातली आहे. प्रश्नांच्या छापील याद्या आणि सभागृहाचे कार्यवृत्त कुणालाही पाहता येते. आमदाराने किती रस्त्यांचे भूमिपूजन केले याची फलके गावोगाव लागतात. पुढच्या वेळी तो मत मागायला दारी येईल तेव्हा मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या दुरुस्तीवर, धानाच्या चुकाऱ्यांवर, गोसीखुर्दच्या पाण्यावर पाच वर्षांत किती प्रश्न विचारले आणि काय उत्तरे मिळवली, ते त्याला विचारा. मंत्र्याला जाब विचारण्याची सवय आमदाराला लागावी असे वाटत असेल, तर आमदाराला जाब विचारण्याची सवय आधी आपल्याला लागली पाहिजे.