समुद्राने राखलेली ठेव

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमची आजी पेटीतून पुतळ्यांची माळ काढी, रिठ्याच्या पाण्याने धुई आणि पाटावर मांडी. लक्ष्मी समुद्रमंथनातून वर आली, ही कथा ती दरवर्षी सांगे. एका वर्षी मी वर्गात ती कथा सांगत होतो, तेव्हा एका चिमुरड्याने विचारले, “गुरुजी, समुद्रातून अजून सोने निघते का?” निघते, वाचकहो! आणि त्याची हकीकत पुराणातल्या कथेइतकीच रोमहर्षक आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी अमेरिका खंडातले सोनेरुपे स्पेनला नेण्यासाठी जहाजांचे तांडे निघत. स्पेनच्या गादीवरून पेटलेले युद्ध नुकतेच संपले होते. राजा पाचवा फिलिप याचा खजिना रिकामा होता, आणि तो या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. मेक्सिकोकडून आलेला हुआन एस्तेबान दे उबियाचा तांडा आणि दक्षिणेकडून आलेला एचेवेर्सचा तांडा हवानात एकत्र झाले. विलंबावर विलंब होत गेला आणि वादळांचे दिवस येऊन ठेपले. अखेर २४ जुलै १७१५ रोजी ११ स्पॅनिश जहाजे आणि ‘ग्रिफॉन’ नावाचे एक फ्रेंच जहाज यांनी नांगर उचलले.

३० जुलैच्या रात्री फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळाने त्यांना गाठले. पहाट होण्यापूर्वीच अकराही स्पॅनिश जहाजे खडकांवर आदळून फुटली. सुमारे हजार माणसे बुडाली. खुद्द उबियाही त्यांतच गेला. फ्रेंच जहाज किनाऱ्यापासून अधिक दूर होते, म्हणून तेवढे वाचले.

जे जगले, त्यांनी वाळूत छावणी टाकली. मग हवानाहून माणसे आली आणि पाणबुड्ये श्वास रोखून तळाशी उतरू लागले. बराच माल वर निघाला. त्याचा वास लागताच जमेकाहून हेन्री जेनिंग्ज नावाचा इंग्रज चालून आला आणि छावणी लुटून गेला. काही वर्षांनी स्पॅनिश लोकांनी काम थांबवले. उरलेल्या द्रव्यावर वाळू चढली, आणि माणसे ते विसरली.

दोनशेहून अधिक वर्षे लोटली. फ्लोरिडातला किप वॅग्नर हा घरे बांधणारा कंत्राटदार. वादळ होऊन गेले की किनाऱ्यावर काळी पडलेली चांदीची नाणी सापडतात, हे त्याच्या ध्यानी आले. गंमत अशी, की त्यांतल्या एकावरही १७१५ नंतरचे साल नव्हते. या एका खुणेवरून त्याने माग काढला. त्याच्या मित्राला १७७५ सालच्या एका पुस्तकात या अपघाताची जागा दाखवणारा नकाशा मिळाला. मग वॅग्नरने लष्कराने मोडीत काढलेले धातुशोधक यंत्र घेऊन जुनी छावणी हुडकली. मोटारीच्या चाकाच्या रबरी ट्यूबवर पालथे पडून आणि तोंडाला घरगुती मुखवटा लावून त्याने पाण्यातल्या तोफा पाहिल्या. शाळेत बखरींच्या आणि सनावळीच्या नावाने कंटाळणाऱ्या मुलांना मी मुद्दाम ही गोष्ट सांगतो. साल नीट वाचता आले, म्हणूनच त्याला सोने दिसले!

पुढे मेल फिशर आणि त्याचे सोबती येऊन मिळाले. त्यांनी होडीच्या पंख्यामागे एक मोठी नळी बसवून वरचे स्वच्छ पाणी तळाशी सोडण्याची युक्ती काढली. त्या झोताने वाळू उडाली, आणि मे १९६४ मध्ये एकाच दिवसात हजाराहून अधिक सोन्याची नाणी उघडी पडली. चांदी खाऱ्या पाण्यात काळवंडते, झिजते, तिचे गोळे होतात. सोन्याला मात्र समुद्र काही करू शकत नाही. अडीचशे वर्षांनी ती नाणी टाकसाळीतून आल्यासारखी झळकत होती.

ही नाणी एस्कुदोची. आठ एस्कुदोचे नाणे सुमारे सव्वादोन तोळ्यांचे. पट्टीतून तुकडा कापायचा, वजन जुळेपर्यंत कडा छाटायच्या आणि हातोड्याने ठसा मारायचा, अशी त्यांची घडण. म्हणून ती वेडीवाकडी. एकासारखे दुसरे नाही. एका बाजूला क्रूस असतो. टाकसाळीचे चिन्ह आणि कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे आद्याक्षरही असते. पुष्कळदा साल ठशातून निसटलेले असते. ज्यावर ते पूर्ण उमटले, त्या नाण्यावर संग्राहक जीव टाकतात. काही थोडी नाणी मात्र मुद्दाम गोल आणि सुबक पाडलेली असत. त्यांना ‘रॉयल’ म्हणतात, आणि त्यांचे मोल विचारूच नये.

पण जेथे सोने, तेथे मोह आलाच. शोधकांनी सापडलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद सरकारकडे करावी, सरकारने संग्रहालयासाठी आपला वाटा घ्यावा, असा तेथला कायदा आहे. २०१५ साली सापडलेल्या नाण्यांपैकी पन्नास दडवली गेली. त्यांतली ३७ नाणी २०२४ मध्ये हस्तगत झाली. तपास अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की काही चोरलेली नाणी पुन्हा समुद्रतळाशी ठेवण्यात आली होती, ती नव्या भांडवलदारांना ‘सापडावीत’ म्हणून!

ही केवळ सोन्याची चोरी नव्हे. नाणे कोणत्या जागी, कशाशेजारी पडले होते, यावरून जहाज कसे फुटले ते कळते. ती नोंद हरवली, की नाणे मुके होते.

हे मला आमच्या माळेने शिकवले. पुतळ्यांचे मूळ व्हेनिसच्या डुकाट नाण्यांत आहे, असे जाणकार सांगतात. आजीच्या माळेत एकोणीस पुतळ्या होत्या. घरातल्या एका आजारपणात त्यांतल्या सहा सोनाराकडे गेल्या आणि मुशीत वितळल्या. त्यांवर काय छापले होते, हे आम्ही कोणी पाहून ठेवले नव्हते. पैसे वजनाचे आले, आणि ते योग्यच आले. आजी मात्र पुढच्या दिवाळीला माळ मांडताना म्हणाली, “उरलेल्या तरी वाचून ठेव रे. तू मास्तर ना?”

तेव्हापासून लक्ष्मीपूजनाला मी वही घेऊन बसतो. तेरा पुतळ्यांची तेरा पाने झाली आहेत. उरलेली सहा कोरी ठेवली आहेत.