‘जत ज्या जिल्ह्यात गेले तो जिल्हा’

जतचा इतिहास सांगायला बसले की व्याकरण आडवे येते. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि त्या राज्याच्या जहागिरींपैकी एक असलेले डफळ्यांचे जत थेट इंग्रजांच्या अधिपत्याखाली गेले. १९४८ मध्ये हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि जत त्यात गेले. १९६० मध्ये या दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. शंभर-सव्वाशे वर्षांच्या या हकिकतीत क्रिया दोनच : कशात तरी जाणे आणि कशाचे तरी काही होणे. इंग्रजी या दोन्ही क्रिया ‘इन्टु’ या एकाच शब्दयोगी अव्ययाने बांधते. मराठी मात्र त्यांची वाटणी वेगळी करते. ही वाटणी समजून न घेतल्यामुळे आम्ही वर्गात बरीच वर्षे एक चूक करीत आलो, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी इंग्रजीकडे पाहू. जुन्या इंग्रजीत संबंधदर्शक वाक्य जोडण्याचे काम बहुधा ‘थे’ हे अविकारी अव्यय करी. ‘विच’ होते, पण ते प्रश्नार्थक. संबंधी सर्वनामाची कामगिरी त्याच्याकडे मध्ययुगीन इंग्रजीत आली. ‘जिकडे’ या अर्थाचा ‘व्हिदर’ हा सुटसुटीत शब्दही इंग्रजीजवळ होता. तो हळूहळू रोजच्या व्यवहारातून गेला आणि गतीचे गंतव्य दाखविण्याचा भार अव्ययावर पडला. या अव्ययाला उभे कोठे करायचे, हा मग वादाचा विषय झाला. १६७२ मध्ये ड्रायडनने बेन जॉन्सनच्या वाक्यांच्या शेवटी लोंबणाऱ्या अव्ययांना दोष दिला. तेव्हापासून ‘द टाउन इन्टु विच दे वेंट’ ही सभ्य रचना आणि ‘द टाउन दे वेंट इन्टु’ ही बोलण्यातली, असा भेद शाळामास्तरांनी जपला. बेडकाचा राजपुत्र झाला तरी इंग्रजीला तेच अव्यय लागते : ‘द प्रिन्स द फ्रॉग टर्न्ड इन्टु’. म्हणजे इंग्रजीच्या लेखी परिणाम हेही एक गावच आहे. वस्तू चालत चालत त्यात शिरते.

मराठीचा पहिला मार्ग संस्कृतकडून आलेला, ‘जो-तो’ या जोडीचा. ‘ज्या गावात ते गेले ते गाव’. ज्ञानेश्वरी-लीळाचरित्रापासून ही जोडी आपल्या गद्यपद्यात आहे आणि म्हणींचा तर ती कणाच आहे. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीत ‘ज्याच्या हाती’ असा लांबचा संबंधही किती सहज बसतो! मराठीत प्रत्यय नामाला चिकटलेला असतो, त्यामुळे त्याला इंग्रजीसारखा वाक्याच्या शेवटी एकटा सोडता येत नाही. ड्रायडनचा वाद आपल्याकडे संभवतच नाही.

दुसरा मार्ग धातुसाधित विशेषणाचा. ‘भाजी केलेली कढई’, ‘दूध ओतलेले पातेले’. दूध ज्यात ओतले ते पातेले, हा गंतव्याचा संबंध येथे एकही प्रत्यय न लावता व्यक्त झाला आहे. ‘त’ गळला, अर्थ गळला नाही. पण ‘ते गेलेले गाव’ म्हटले की प्रमाणभाषेचा कान किंचित थबकतो. एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री यांनी १९७७ मध्ये मांडलेली श्रेणी येथे उपयोगी पडते. संबंधदर्शक रचनेच्या केंद्रस्थानी येणे कर्त्याला सर्वांत सोपे, मग कर्माला. स्थळ, साधन वगैरे संबंध या पायऱ्यांवर बरेच खाली. म्हणून ‘गावाला गेलेली माणसे’ निर्वेध चालतात, ‘माणसे गेलेले गाव’ अडखळते.

जतच्या पूर्वेला आणि दक्षिणेला मात्र हा अडथळा नाही. कन्नडमध्ये ‘अवनु होद ऊरु’, म्हणजे शब्दशः ‘तो गेलेले गाव’, ही घरगुती आणि निर्दोष रचना. संबंधदर्शनाची ती त्या भाषेतली मुख्य रीतच आहे. आणि आमच्या जिल्ह्यात भाषा एकमेकींच्या ओसरीवर बसतात, हे जगाला ठाऊक आहे. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला कुपवाडचा अभ्यास भाषाविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत गेला. मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द तेथे वेगवेगळे राहिले, पण वाक्यांचे साचे एकमेकांच्या जवळ आले, असे त्यांनी दाखवले. पुढे सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच कुपवाडची नव्याने तपासणी केली.

आता आमची चूक. कन्नड घरातून आलेला विद्यार्थी ‘आम्ही गेलेलं गाव’ असे लिही, आणि आम्ही त्याखाली लाल रेघ ओढून शेजारी ‘ज्या गावी आम्ही गेलो ते गाव’ असे लिहीत असू. आमच्या हाताला हे वळण कोठून लागले? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे. त्याची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या नमुन्यावर झाली. पुढे शाळेत वाक्यपृथक्करण आले, तेव्हा इंग्रजीच्या उपवाक्याशी जुळणारे ‘जो’चे वाक्य तेवढे ‘वाक्य’ म्हणून मिरवले. ‘गेलेले’ला धातुसाधितांच्या यादीत एक शब्द म्हणून जागा मिळाली. त्यामागे अख्खे वाक्य दडले आहे, हे आम्हीही विसरलो. ‘दूध ओतलेले पातेले’ घरात चालते, तर ‘गेलेले गाव’ उत्तरपत्रिकेत का चालू नये, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याने विचारला नाही. तो आम्ही स्वतःला विचारायला हवा होता.

राहिला बदलाचा प्रश्न. मराठीत दूध दह्यात शिरत नाही. ‘दुधाचे दही होते’. परिणाम हा येथे गंतव्य नसून कर्ता आहे, आणि मूळ वस्तू षष्ठीत राहून त्यावरचा आपला हक्क सांगते. म्हणून ‘दुधाचे झालेले दही’ म्हणताना ‘ज्यात’ची गरजच पडत नाही. कन्नडची दृष्टी याहून निराळी : ‘हालु मोसरायितु’. तेथे दूधच कर्ता. विशेषण केले तर ‘मोसराद हालु’, दही झालेले दूध. इंग्रजी प्रवास पाहते, कन्नड प्रवासी पाहते, मराठी परिणाम पाहते आणि त्याचे कूळ सांगते. त्यामुळे अलीकडच्या भाषांतरांत ‘दुधाचे ज्यात रूपांतर झाले ते दही’ असे वाक्य भेटते, तेव्हा भाषेने आपलीच सोय विसरून उसनी कुबडी घेतल्यासारखे वाटते.

ही केवळ वर्गातली बाब नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातील चाळीस गावांवर दावा सांगण्याचा विचार बोलून दाखवला. पाण्याअभावी या गावांनी पूर्वी केलेल्या ठरावांचा त्यांनी आधार घेतला. त्यांना ‘कर्नाटकात जाणारी गावे’ म्हटले की ‘-णारी’ने एक भविष्य ठरवून टाकले आणि गावांना त्याचे कर्तेपण दिले. ‘पाणी मागणारी गावे’ म्हटले असते, तर कर्ता तोच राहिला असता, मागणी मात्र खरी कळली असती. १८४८ पासून जत इकडून तिकडे ‘गेले’ असे आपण लिहितो. बहुतेक वेळा ते नेले गेले होते.

लाल रेघ आम्ही अजून ओढतो, पण ‘गेलेले गाव’खाली नाही. तेथे आता ‘हेच वाक्य जो-तो वापरून कर आणि घरच्या भाषेतही सांग’ एवढेच लिहितो. तीन वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी आली, की व्याकरणाचा तास त्या दिवशी पुस्तकाबाहेर जातो.