‘ओ’ एवढ्याने भागत नाही

परवा मंडळाच्या बैठकीत रक्तगटाचा विषय निघाला. “माझे रक्त ओ, कोणालाही चालते,” असे एक भगिनी मोठ्या कौतुकाने म्हणाल्या. तेव्हा १९५२ सालची मुंबईतील हकीकत स्मरणिकेत सांगावी, असे माझ्या मनाने घेतले.

लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढल्याला त्या वेळी अर्धशतक लोटले होते. ए, बी, एबी आणि ओ यांत सर्व माणसे बसतात, असाच समज होता. परंतु डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना मुंबईत तीन माणसे अशी आढळली, की पेशी तपासाव्या तर गट ओ वाटे, पण त्यांचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी! ओ गटाच्या पेशींवर असणारा ‘एच’ नावाचा पदार्थच त्यांच्या पेशींवर नव्हता, आणि त्याच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य मात्र रक्तात होते. अशा माणसाला ओ रक्त देणे म्हणजे प्राणाशी गाठ. ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध छापून आला आणि ‘बॉम्बे’ रक्तगट जगाला ठाऊक झाला. १९५७ साली परळला रक्तगटांच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही निघाले. आपल्या ठाण्याहून परळ ते कितीसे लांब?

हा गट विरळाच. पण त्यातला धडा सर्वांचा आहे. चिठ्ठीवरचे अक्षर पेशींची ओळख सांगते. रक्तद्रवात काय दडले आहे, ते सांगत नाही. पूर्वी रक्त घेतले असेल, किंवा बाळंतपणात बाळाचे रक्त आईच्या रक्तात मिसळले असेल, तर एरवी निरोगी स्त्रीच्या अंगीही अनपेक्षित प्रतिद्रव्ये तयार होतात. पुढच्या खेपेस ती वारेतून गर्भापर्यंत पोचतात आणि बाळाच्या पेशी फोडतात. बाळाला पंडुरोग व कावीळ होते.

ही प्रतिद्रव्ये ओळखण्याची युक्ती कूम्ब्स, मूरंट व रेस यांनी १९४५ साली दिली. तपासणीच्या कागदावर ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ असते, ती हीच. निगेटिव्ह गटाच्या मातांसाठी १९६८ पासून अँटी-डी सुई निघाली. मात्र तिचे प्रतिद्रव्य एकदा तयार झाले, की त्या सुईचा उपयोग नाही. शिवाय पॉझिटिव्ह गटाच्या मातेतही दुसरी प्रतिद्रव्ये निघू शकतात.

म्हणून भगिनींनो, घरात सून किंवा लेक गर्भवती असेल, तर डोहाळजेवणाच्या तयारीआधी डॉक्टरांना एवढे विचारा: “गट कळला, प्रतिद्रव्यांची तपासणी झाली का?” आणि पूर्वी रक्त घेतले असेल, तर तेही न विसरता सांगा.